बेबीबाईच्या तोंडून गेलेली गोष्ट

बेबीबाईला निवांत बसलेलं मोहाडीत कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या हातमागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता ती मध्येच उठून भाताचं आधण बघायची, तेवढ्यात शेजारच्या अंगणात डोकावून यायची. हात चालायचा तशी जीभही चालायची. नवरा यादोराव कोष्टी, मुखदुर्बळ माणूस. त्याने घरचे देव सोडले नव्हते, पण बेबीबाई येशूच्या मंडळीत गेली तेव्हा तिला अडवलंही नाही. पुढे रविवारची प्रार्थना त्यांच्याच ओसरीत भरू लागली. चौदा-पंधरा माणसं यायची. पुढारपण परसरामभाऊंकडे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मंडळीत आंबागडची चंदा यायची. पस्तिशीची विधवा, तुमसरला गाडी बदलून यायची, पण रविवार चुकवायची नाही. सासरचे सगळे विरोधात होते, एकटा म्हातारा सासरा म्हणायचा, "जाऊ द्या तिले." तो म्हातारा माघ महिन्यात गेला. त्याच्या तेरवीला चंदाने स्वयंपाक केला, पंगतीत बसून जेवलीही. मंडळीत तसलं जेवण वर्ज्य होतं, म्हणून मग मनाला टोचणी लागली. पुढच्या रविवारी ती लवकर आली आणि बेबीबाईच्या चरख्याजवळ बसून हळूच म्हणाली, "बाई, तुह्याजवळच सांगतो. बुढ्यानं मले लेकीसारखं ठेवलं. त्याच्या तेरवीले उपाशी उठणं माह्यानं झालं नाही. माह्यासाठी प्रार्थना करजो."

बेबीबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "करतो," म्हणाली.

आणि तासाभराने, प्रार्थनेला रंग चढला असताना, जुन्या रीतींपासून वेगळं राहण्यावर परसरामभाऊ बोलत होते, तेव्हा बेबीबाईच्या तोंडून निघून गेलं, "आपल्यातलेच लोक तेरवीच्या पंगतीत बसून राहिले. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. चंदालेच विचारा ना."

चंदाने मांडीवरचं गाण्यांचं पुस्तक खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेली. तिच्या मागे कोणी उठलं नाही. परसरामभाऊ म्हणाले, "बेबीबाई, खरं बोलायले हिंमत लागते."

ही शाबासकी बेबीबाईला पचली नाही. त्या दिवसापासून तिच्या हातून सूत तुटू लागलं. ताटावर बसली की दोन घासांत उठायची. दार वाजलं की धावायची. पुढच्या रविवारी चंदा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी बेबीबाईने विचारलं, "कोणी जाऊन पाहावं काय?"

"प्रार्थनेत ठेवू तिले," परसरामभाऊ म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बेबीबाईनेही म्हटलं, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. चंदाने ती गोष्ट फक्त तिच्यावर विश्वासून सांगितली होती, हे त्या ओसरीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मोहाडीच्या बाजारात आंबागडची एक बाई मोहफुलं घेऊन बसली होती. तिच्याकडून कळलं, की चंदा टोपलं डोक्यावर घेऊन टेकडी उतरताना पडली, मांडीचं हाड मोडलं, बारा दिवस झाले. बेबीबाई बाजाराची थैली तशीच घेऊन घरी आली, दोन लुगडी बांधली आणि यादोरावला म्हणाली, "मी आंबागडले चालली."

"कांड्या?"

"तुमीच भरा."

चंदा खाटेवर पडली होती, पाय प्लास्टरमध्ये. तिची जाऊ कौशल्या भाकरी थापत होती. बेबीबाई मोहाडीची आहे हे कळल्यावर तिने हात धुतले आणि दारातच उभी राहिली.

"तुमच्यात एकमेकीले बहीण म्हणतेत ना, बाई? आम्ही तिच्याशी भांडलो, बोलणं टाकलं, तरी तिले उचलून दवाखान्यात आमीच नेलं. तुमच्यातलं एक माणूस फिरकलं नाही. काहून?"

"मले चार दिवस राहू द्या," बेबीबाई म्हणाली.

ती राहिली. चंदाला पुसून काढलं, शौचाचं भांडं दिलं, घेतलं, केस विंचरून वेणी घातली. चंदा भिंतीकडे तोंड करून पडायची. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बेबीबाई अंगणात येरझाऱ्या घालायची, नसलेली कामं काढायची, झाडलेलं पुन्हा झाडायची. कौशल्या एकदा वैतागून म्हणाली, "बसा ना वो बाई, डोळे फिरून राहिले माहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी बेबीबाई खाटेजवळ बसली. "चंदा, मले माफ कर."

चंदाने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. "तू मले चूक म्हटलं त्याचं काही नाही, बाई. चूक अशीन माही. पण म्या तुले आतलं सांगतलं होतं. तू ते पंगतीत वाढलं."

"म्हणून तं माफी मागून राहिली."

"इथं कायले मागतेस? इथं कोण आहे आयकायले? जिथं बोलली तिथं बोल."

शनिवारी बेबीबाई मोहाडीला परतली. रविवारी सगळे जमले, परसरामभाऊंनी पहिलं गाणं काढायला तोंड उघडलं, तोच ती उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. चंदाने कोणत्या विश्वासाने सांगितलं, आपण ते कसं सगळ्यांपुढे टाकलं, तिचा पाय मोडला तेव्हा तिला कोणी उचललं, कौशल्याने दारात काय विचारलं.

"हे तुमचं दोघींचं, बेबीबाई," परसरामभाऊ चुळबुळत म्हणाले. "मंडळीत कायले?"

"मंडळीतच झालं, भाऊ. ती उठून गेली तवा तुमी बसले होते, मी बसली होती, सारे बसले होते."

त्या दिवशी गाणं झालं नाही. परसरामभाऊ बराच वेळ सतरंजीच्या दोऱ्या उकलत बसले. एक कुटुंब रागावून निघून गेलं; घरातली धुणी अशी चव्हाट्यावर धुतात का, म्हणाले. ते पुन्हा कधी आले नाहीत. पण मंगळवारी परसरामभाऊ आपल्या सायकलीला तांदळाची चुंगडी बांधून निघाले, आणि उन्हात मैलोन्‌मैल सायकल हाणून आंबागडला पोचले. चंदाच्या खाटेजवळ चुंगडी ठेवली आणि कौशल्याचं सरपण फोडून दिलं. मग पाळ्या लागल्या. प्लास्टर निघेपर्यंत मंडळीतली एक तरी बाई आंबागडला असायची.

चंदा पोळ्यानंतर काठी टेकत आली. दाराजवळच बसली. बेबीबाईशी चांगलं बोलली, पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाली. पण आतलं काही सांगितलं नाही, आणि पुढेही बरेच महिने सांगितलं नाही. बेबीबाईने विचारलंही नाही. तेवढं शिकणं तिला फार जड गेलं.

बाकी तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. रविवारी माणसं बसली की ती प्रार्थनेत डोळे अर्धे उघडून मोजायची, कोण कमी आहे. कमी दिसलं की सोमवारी सकाळी हातात पिशवी घेऊन मोहाडीच्या बसथांब्यावर उभी. यादोराव मागावरून विचारायचा, "आता कोणाकडं?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच चरखा पुढे ओढून कांडी भरायला घ्यायचा.