देव्हाऱ्यातून काढलेलं ओळखपत्र

दादाच्या सुट्टीचे अजून बारा दिवस बाकी होते, तेव्हा युनिटमधून फोन आला की लगेच हजर व्हा. दादा फौजेत नायक आहे. असा फोन आमच्या घरात पहिला नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच तो इतका जड गेला. पहिल्या वेळी रडायला तरी अंगात ताकद असते. या वेळी आईने फक्त गॅस बारीक केला आणि म्हणाली, "चकल्या मग उद्याच करून घेते." खारघरच्या आमच्या दोन खोल्यांत पुढचे दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. बॅग भरली जात होती, कपडे पंख्याखाली वाळत होते, आणि आम्ही तिघं आपण थकलेलो नाही असं एकमेकांना दाखवून दाखवून थकत होतो.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण लोकांचे देवाच्या कृपेचे असे अनुभव वाचून मी आजवर हसत आले. माझे बाबा महाप्याच्या एका कारखान्यात कामगार होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहीत. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या गरम कागदांच्या घड्या घालणं हे माझं लहानपणीचं काम. मला अक्षरओळख पत्रकांवरच झाली. बाबा गेल्यावर घराची जणू वाटणी झाली: देव्हारा आईकडे आणि पत्रकं माझ्याकडे. दादा दोन्हींच्या मधोमध उभा राहून दोघींची थट्टा करायचा.

आमच्या घरात एक रीत आहे. दादा निघायच्या आदल्या संध्याकाळी आई त्याचं फौजेचं ओळखपत्र देवीच्या मुखवट्यापुढे ठेवते आणि वर एक फूल. सकाळी दादा नमस्कार करतो, ते स्वतःच्या हाताने उचलून खिशात घालतो आणि मगच बूट चढवतो. भरती झाल्यापासून नऊ वर्षं हे चाललं आहे.

त्या संध्याकाळी मला ते बघवेना. मी म्हणाले, "सरकारचं कार्ड आहे ते आई. त्याला पाठवणारे दिल्लीत बसलेत. विचारायचं तर त्यांना विचार, देवीला काय विचारतेस?"

आईने वात सारखी केली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे; आई दमली की तिकडचं बोलते. "पाठवणारं कुणी का असंना," ती म्हणाली. "माघारी आणणारी तीच हाय."

"लीडर," दादा बॅगेची चेन ओढत म्हणाला, "कार्डावर तरी मोर्चा काढू नको."

त्याच्या हसण्याने मी अधिकच चिडले. दादा बॅग दाराशी ठेवायला गेला आणि आई स्वयंपाकघरात वळली, तसं मी देव्हाऱ्यातून ओळखपत्र उचललं आणि माझ्या टेबलावर, पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. फूल तिथेच राहू दिलं. सकाळी दादा ते टेबलावरून घेईल, काही बिघडणार नाही, आणि आईला कळेल की काही बिघडत नाही. इतकाच माझा हिशेब होता. माझं तत्त्व मला माझ्या भावाच्या प्रवासापेक्षा मोठं वाटलं, हे आज मी लिहून ठेवते.

सकाळी सहाला कामगार संघटनेतली माझी मैत्रीण पत्रकं न्यायला आली. मी अर्धवट झोपेत टेबलाकडे बोट दाखवलं. तिने दिवा न लावताच गठ्ठा उचलून पिशवीत टाकला आणि ती महाप्याला पहिल्या पाळीच्या गेटवर वाटायला गेली. पत्रक एका कंत्राटदाराच्या मुकादमाविरुद्ध होतं. पाच मिनिटं उशीर झाला तरी तो गेट लावून घेतो, बाया-माणसांना उन्हात उभं करतो, दिवस बुडवतो. त्या मुकादमाला मी कधी पाहिलं नव्हतं. पण लिहिलं होतं, 'हा मालकाच्या दारात बांधलेला कुत्रा आहे.' त्या वाक्याचा मला अभिमान होता. खाली माझं नाव, 'खारघर' आणि फोन नंबर होता.

घरातून निघताना दादाने देवीला नमस्कार केला. ओळखपत्र दिसलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, घाईमुळे आईने ते प्रसादासोबत बॅगेत घातलं. आईला वाटलं, त्याने उचललं. दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. आणि मी विसरले होते.

पनवेलला जाताना रिक्षात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कापला. पत्रक निघालं की धमक्यांचे फोन येतात, हे बाबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. फलाटावर पोचल्यावर तोच नंबर पुन्हा आला. पुन्हा कापला. दादा म्हणाला, "उचल की, कुणाला तरी तुझ्याशी भांडायचंय." मी म्हणाले, "आज नाही."

गाडी सव्वाअकराची होती. सव्वादहाच्या सुमाराला दादाने तिकीट वरच्या खिशात ठेवायला काढलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याने बॅग उघडली. प्रसादाची पुडी निघाली, चकल्यांचा डबा निघाला, लोकरीचे मोजे निघाले. ओळखपत्र नव्हतं. त्याने सगळं परत भरलं आणि परत काढलं. फौजी माणूस घाबरला की हळू होतो, हे मला तेव्हा कळलं. तिकीट तपासनीस एखादवेळी सोडेल, पण ओळखपत्राशिवाय युनिटच्या गेटवर कुणी आत घेणार नाही. हरवलं म्हटलं तर चौकशी, शिक्षा, येणारी बढती गेली. आणि ते आणायला थांबावं तर गाडी जाणार आणि हजर होण्याची वेळ टळणार.

मी बाजूला जाऊन मैत्रिणीला फोन लावला. "कार्ड? नाही गं," ती म्हणाली. "गठ्ठा सोडला आणि वाटत गेले. खाली काही पडलं असेल तर माहीत नाही." आम्ही बोलत असतानाच मध्ये तो नंबर वाजत होता. मी तो तिसऱ्यांदा कापला.

परत आले तेव्हा आई बाकावर बसली होती. मांडीवर दही-साखरेचा स्टीलचा डबा. ती दादाला म्हणत होती, "माझंच चुकलं रं. नजरेखालून घालाय पायजे हुतं. म्हातारी झाले मी." दादा म्हणत होता, "नाही आई, माझी चूक आहे." माझ्या चुकीचं ओझं ते दोघं एकमेकांच्या हातातून काढून घेत होते. मला ते सोसलं नाही. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. देव्हाऱ्यातून मीच काढलं, आणि ते आता महाप्याच्या रस्त्यावर कुठेतरी पडलं असेल.

दादाने फक्त बॅगेची चेन लावली. रागावला असता तर बरं झालं असतं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतही राग नव्हता, नुसता शीण होता. "मला सांगून काय व्हणार?" ती म्हणाली. "जिच्यापुढनं काढलंस तिला सांग."

फलाटाच्या टोकाला पाण्याचा नळ आहे, तिथे मी गेले. मला प्रार्थना येत नाही. हात कसे जोडायचे तेही अवघडल्यासारखं झालं. मी मनात एवढंच म्हणाले की तू आहेस की नाही मला माहीत नाही, पण मी चुकले, आणि आता माझ्या हातात काही नाही. चूक माझी आहे, तिची शिक्षा दादाला देऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दा न मांडता बोलले.

फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. कापायचंही त्राण नव्हतं आणि भांडायचंही. जो कोणी असेल त्याने हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, असं वाटून मी तो उचलला.

"अवो ताई, उचला की फोन! कवापासून लावतोय. तुमच्या कागदांमदी फौजी मानसाचं कार्ड सापडलाय. आडनाव तुमचंच हाय, भाऊ काय तुमचा?"

मी कसंबसं म्हणाले, "हो. आम्ही पनवेल स्टेशनवर आहोत. सव्वाअकराची गाडी आहे."

"मंग पोचतो. मी खारघरला पुलाखाली हुबा हाय."

"खारघरला? तुम्हाला पत्ता कुणी दिला?"

"पत्ता कुटं हाय? कागदावर नुसता खारघर लिवलंय. म्हटलं निंगावं तरी, तवर तुमी फोन उचलाल."

त्याने फोन ठेवला आणि मी तिथेच खाली बसले. तो माझ्या उत्तराची वाट बघत महाप्यालाच थांबला असता, तर गाडी सुटण्याआधी पोचला नसता. मी त्याला नाकारत होते तेवढा वेळ तो वाटेवर होता.

अकराला पाच कमी असताना जिन्यावरून एक पन्नाशीचा माणूस उतरला. हातात हेल्मेट, शर्ट पाठीला चिकटलेला. ओळखपत्र त्याने माझ्याच पत्रकात गुंडाळून आणलं होतं. ते त्याने दोन्ही हातांनी दादाला दिलं. दादाने ते कपाळाला लावलं आणि त्या माणसाला सॅल्यूट केला.

"तुम्ही तिथे कामाला आहात का?" मी विचारलं.

"मुकादम हाय," तो म्हणाला, आणि पत्रकाची घडी सरळ करून त्याने माझ्यापुढे धरली. "वाचलं हां मी सगळा. कुत्रा तो मीच."

"मी..." म्हणून मी थांबले.

"र्‍हावद्या. कुत्रा इमानी असतो ताई, यवढं तरी लिवायचं." तो हसला. मग दादाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "उशीर झाला नि गेट लागलेला दिसला, का मानसाचं तोंड कसं व्हतं, ते मी रोज बघतो. मीच लावतो ना. कार्ड बघितला आनि म्हटलं, यो गेट तरी लागाया नको."

गाडी आली. आईने डबा उघडला आणि दादाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्याने ती खाल्ली, आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली, "येतो लीडर" म्हणाला आणि डब्यात चढला. निघताना वळून बघायचं नाही ही आमची दुसरी रीत. तो वळला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर आईने डब्यात उरलेलं दही चमच्यावर घेतलं आणि मुकादमापुढे धरलं. "घ्या भाऊ. तुमालाबी लांब जायचंय." त्याने चप्पल काढली, हात पुढे केला आणि फलाटावर अनवाणी उभं राहून ते खाल्लं.

घरी आलो तेव्हा देव्हाऱ्यात ते फूल तसंच होतं, कडा काळवंडलेल्या. आईने ते उचललं नाही. चौथ्या दिवशी दादाचा 'पोचलो' असा निरोप आला, तेव्हा तिने मला सांगितलं, "आता काढ." मी ते काढून तुळशीच्या कुंडीत ठेवलं.

मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही. पुढच्या पत्रकातही मागणी तीच होती: गेट उघडं राहिलं पाहिजे. तो एक शब्द मात्र काढला. मुकादमाचा फोन आला, "आता बरा लिवलंय. पन मालक आयकनार नाय." मी म्हणाले, "बघू." अन्याय मुकाट्याने सोसायचा नाही, हे बाबांनी शिकवलं, ते मी अजून मानते. पण आपल्या शहाणपणाचा टेकू निसटल्यावर हात मोकळे होतात, आणि त्या मोकळ्या हातांत कुणीतरी काहीतरी आणून ठेवतं, हे मी पनवेलच्या फलाटावर पाहिलं. कुणी, यावर मी वाद घालत नाही. आई तिला देवी म्हणते. मला आठवतो तो घामेजलेला, पत्ता नसताना निघालेला माणूस. आम्ही दोघी कदाचित एकाचंच नाव घेत असू.

आता अनोळखी नंबर आला की माझं बोट क्षणभर थांबतं. मग मी फोन उचलते.