पाणी बघण्याचा कार्यक्रम

चाकणच्या पलीकडच्या एका गावात टँकर बंद करून धरणाचं पाणी नळाला सोडायचं घाटत होतं. त्यासाठी तळवड्याच्या आमच्या लॅबमधून मी पाण्याचे नमुने घ्यायला गेलो. काठावर एक म्हातारबा वाट बघत उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, तिरकी टोपी आणि हातात कांदेपोह्यांची ताटली.

"बसा पाव्हणं. आदी खावा, मग पोरगी बगा."

घाई होती, पण पोहे काही सोडवले नाहीत. मग मी बाटली भरायला वाकलो.

"हळू! लाजरी हाय," म्हणत ते स्वतःच खो खो हसले. मी निघालो तेव्हा मात्र टोपी सारखी करत त्यांनी हळूच विचारलं, "पसंत पडंल न्हवं?"

रिपोर्ट चांगला आला: गाळून, क्लोरीन घालून प्यायला योग्य.

नळ सुटायच्या दिवशी त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. नव्या नवरीसाठी उंबऱ्यावर ठेवतात तसं तांदळाचं माप त्यांनी दारातल्या नळाखाली ठेवलं होतं. नळ फुरफुरला, धार सुटली, माप कलंडलं आणि तांदूळ अंगणभर झाले.

म्हातारबांनी टोपी काढली.

"ये बाई. घर तुजंच हाय."