बकुळीवरची छत्री

शकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच नावानं बोटं मोडत होते. माझी काळी छत्री नेलेली, परत द्यायचं नाव नाही! विचारलं की एकच उत्तर, "पान उन्हाला तयार झालं की देते गं." फोनवर तिचा भाऊ होता. "ताई, अक्का गेली..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

साखऱ्याजवळच्या तांड्यावरची ही पोरगी आमच्या कळमनुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आली. मी तिथंच मराठी शिकवायची. तिच्या गच्चीवर मिरचीची रोपं असायची आणि त्यांच्यावर माझी छत्री. रोज ती छत्री थोडी सरकवायची. आधी सकाळचं ऊन, दुपारचं सगळ्यात शेवटी. मी हसले की वर्गात असल्यासारखी सुरू व्हायची. उन्हात न दिसणारी अतिनील किरणं असतात. पान ज्या प्रथिनांच्या जोरावर उजेडातून अन्न करतं, त्यांनाच ती मोडतात. पान मोडलेलं काढून नवं बसवत राहतं, पण मारा फार झाला की ती प्रथिनं घडवणारी जनुकंच मंदावतात. ऊन बेताबेतानं दिलं, तर दुसरी जनुकं जागी होतात आणि पानाच्या वरच्या थरात किरणं अडवणारं द्रव्य भरतं. "सावलीतलं लेकरू एकदम वैशाखात टाकू न्हाई," हे तिनं पोरांना जन्मभर सांगितलं.

आणि ती गेल्यावर तिच्याच नावानं काय केलं या कॉलेजवाल्यांनी? रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीखालची कोवळी बकुळ आणली आणि ऐन वैशाखात, भर दुपारी, मैदानाच्या मधोमध लावली. का, तर संस्थेचे अध्यक्षसाहेब उशिरा आले. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, थोडे दिवस व्हरांड्यात राहू द्या हिला." ते म्हणाले, "मॅडम, काहून खोडा घालून राहिल्या? पाणी घालू की बराबर." भाषणं झाली. शकूचं नाव धड घेता येईना, आणि म्हणे 'निसर्गकन्या'! समोरचा पेढा मी बाजूला सारला. आठवडा व्हायच्या आत पानं कागदासारखी पांढरी पडली. प्राचार्य म्हणाले, "झाडाचं नशीब." शिसारी आली मला... अशी शिसारी उभ्या जन्मात कुणाची आली नव्हती.

मी तडक शकूच्या भावाकडं गेले, तिच्या सामानातली माझी छत्री आणली आणि बकुळीवर रोवली. शिपाई सांगत आला, "सरांनी काढाय सांगितलं, पाहुणे येऊन राहिले, चांगलं दिसत न्हाई." मी म्हटलं, "त्यांनाच पाठव." कोण येतंय! मग मी रोज जाऊन छत्री सरकवू लागले. जळकी पानं गळाली, खोड तेवढं उरलं. वाटलं, गेलं हेही. पण एके सकाळी खोडाला तांबूस कोंब दिसला आणि मी तिथंच मातीत बसून रडले.

काल पानं चांगली जाड, गर्द दिसली. दुपारचं ऊनही त्यांनी सोसलं. मी छत्री उपटून मिटली. शकूनं दिलेला शब्द पाळला होता.

तेवढ्यात प्राचार्य आले, मागं फोटोवाला. "वा! बघा मॅडम, आमी पाणी घातलं म्हणून जगलं! या, फोटोत या." मी बकुळीपुढं उभी राहिले, छत्री उघडली आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आडवी धरली.