दादारावांची गोलकीपर

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या दादारावांची लेक उपासना प्रोफेशनल फुटबॉल टीममध्ये गोलकीपर झाली, तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी मलाच गाठलं. "चारुता, पण ती शिकणार कधी?" मी म्हटलं, डिग्री घेऊन बसलीय ती, तुमची तोंडं आवरा जरा. मी त्यांची शेजारीण. गराजच्या दारालाच गोल समजून ती पोर उड्या मारायची, कोपर-गुडघे कायम सोललेले.

पण गोलकीपरचं नशीब मेलं विचित्र. गोलात जागा एकच. पहिली कीपर ठणठणीत असेल तर दुसरीनं नुसतं बेंचवर बसायचं. दोन सीझन उपासना बसली. मग पहिलीचा गुडघा गेला आणि हिला गोलातली जागा मिळाली. काय खेळली हो पोरगी! तिची आई रमाबाई टीव्हीसमोर डोळे गच्च मिटून मला विचारायची, "अडवला का?"

अशाच एका मॅचमध्ये उपासना समोरच्या खेळाडूच्या पायात झेपावली आणि त्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. मेंदूला हादरा बसला. डोकं पूर्ववत झाल्याशिवाय खेळायचं नाही, असा नियम. त्यासाठी कॉम्प्युटरवर टेस्ट असते. शब्द दाखवतात, आकार दाखवतात आणि काय आठवतं ते बघतात. उपासना विश्रांतीला घरी आली. तोवर गोलात तिसरीच मुलगी उभी राहिली, आणि तीही बरी खेळायला लागली.

झालं! दादाराव कामाला लागले. स्कॉलरशिपा मिळवत नागपूरहून इथवर आलेला माणूस, परीक्षा म्हटली की त्याला दुसरं काही सुचत नाही. "टेस्टच आहे ना? मग प्रॅक्टिस करू." सकाळ-संध्याकाळ किचन टेबलावर शब्द, आकार, घड्याळ लावून. मी म्हटलं, "अहो, ताप बघायच्या आधी थर्मामीटर बर्फात ठेवताय की काय?" तर म्हणाले, "वहिनी, तयारी केल्याशिवाय आमच्या घरात कुणी परीक्षेला बसलेलं नाही."

उपासनाला उत्तम स्कोअर आला. डोकं दुखतं का, या प्रश्नाला तिनं "नो" म्हटलं. दादारावांनी घरोघर पेढे वाटले.

पुढच्याच मॅचमध्ये वरून आलेला बॉल धरताना तिला स्वतःच्याच टीममेटचा खांदा लागला. साधा धक्का हो, एरवी झटकून उभी राहिली असती. ती उठलीच नाही.

याला आता वर्ष होत आलं. जीव वाचला. बोलते, चालते, पण उजेड सोसत नाही, दोन ओळी वाचल्या की मळमळतं. परत खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दादाराव मात्र भेटेल त्याला ऐकवायचे, "टेस्ट क्लिअर होती आमची!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

परवा मी वरण-भात घेऊन गेले, तर ते फोनवर कुणाला तरी तेच सांगत होते. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये सोफ्यावर पडलेली उपासना म्हणाली, "बाबा, स्टॉप. प्लीज." मग हळूहळू बोलली, "टेस्टच्या दिवशी मला सगळे शब्द आठवले. पण तुम्ही मला घरी आणलंत ना, तेव्हा आपलं घर कुठलं ते ओळखू येईना. मी कारमध्ये रडत होते. तुम्हाला वाटलं, आनंदानं."

दादारावांनी फोन ठेवला. तिच्या पायाशी खाली बसले.

"दुखतंय का गं, बाळा?"

"तेव्हाही दुखत होतं, बाबा."