लतीफभाईंच्या कुर्त्याखाली काय होतं

दीड महिन्यापूर्वी उदगीरहून शबानाचा फोन आला. “सर, अब्बा गेले. तुमच्यासाठी एक वस्तू ठेवून गेलेत, येऊन घेऊन जा.” लतीफभाई गेले याचं वाईट वाटण्याआधी माझ्या मनात जे आलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, चला, मरताना का होईना, चोरलेला माल परत केला! माझा स्वभावच असा. कुणाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, की त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते मी आधी विचारतो.

लतीफभाई जुन्या इंजिनांचे मिस्त्री. लातूरला तेव्हा छोटी, नॅरोगेज लाईन होती, म्हणून आमच्या शिरूर अनंतपाळकडची अवजड यंत्रं उदगीरच्या मालधक्क्यावर उतरायची... बंद पडलेल्या गिरण्यांतली विलायती ऑइल इंजिनं, जुनी मळणीयंत्रं. कागदावर सही करण्याआधी लतीफभाईंना सोबत न्यायचं, हा रिवाज. ते चाक हातानं फिरवत आणि वाटेत आत काय तुटलं ते न उघडता सांगत. पूर्वी हे सगळ्यांदेखत चालायचं. भूकंपात ते बहिणीच्या गावी भिंतीखाली सापडले, डोक्याला टाके पडून वाचले, आणि त्यानंतर त्यांनी नवीच अट घातली. तपासताना जवळ कुणी थांबायचं नाही. “तुमी चा घेऊन या. मशीन परमुलखातनं आलंय, लोकांम्होरं बोलत न्हाई.” लोक हसत आणि जात. मला मात्र ते खटकायचं. सरळ माणसाला आडोसा कशाला लागतो? शिवाय आता मागून हाक मारली तर ते ओ देत नसत, आणि समोर आले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. भूकंपानं जमिनीवरचाच भरवसा उडाला होता, तिथं माणसावर कोण ठेवणार?

पुढच्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुजरातेतून एक जुनं इंजिन मागवलं. मी तेव्हा लातूरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागलो होतो. सुट्टी काढून मालधक्क्यावर गेलो, चहाला म्हणून निघालो आणि अर्ध्या वाटेतून मुद्दाम परतलो. लतीफभाई इंजिनावर वाकले होते. एक हात चाकावर, आणि तोंडापाशी काहीतरी. मी अगदी जवळ गेलो तेव्हा ते दचकले, तोंड पुसलं, आणि हातातली वस्तू कुर्त्याखाली सारली. मी लांब थांबलेल्या हमालांनाही ऐकू जाईल असा आवाज चढवला. “कुर्त्याखाली काय आहे? काढा बाहेर!” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. “तुमचं काई न्हाई, सर,” एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

इंजिनाचा एकही भाग कमी नव्हता. पण संशयाला पुरावा कुठं लागतो? मी म्हटलं, अस्सल काढून नक्कल बसवली असेल. आबा माझ्यावर चिडले, तरी मी चार गावांत बोलायचं ते बोललोच. हळूहळू लोकांनी लतीफभाईंना बोलावणं सोडलं.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली होस्टेलं, आणि सगळ्यांना लोखंडी खाटा हव्यात, खिडक्यांना गज हवेत. इंजिनांची नाडी ओळखणारा माणूस आमच्या क्लासच्या होस्टेलला गज जोडताना मला पाठमोरा दिसला. मी दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. मनात म्हटलं, गुर्मी बघा! आणि वर्गात जाऊन पोरांना शिकवलं, ध्वनी हवेपेक्षा लोखंडातून कितीतरी वेगानं जातो.

उदगीरला गेलो तेव्हा शबानानं फडक्यात गुंडाळलेली वस्तू हातात ठेवली. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, त्याला बाभळीची मूठ. मुठीवर दातांच्या खोल खुणा होत्या.

“भित पडली तवापास्नं अब्बांना ऐकूच येत नव्हतं,” ती म्हणाली. “टोक मशीनला लावायचं अन् मूठ दातात धरायची. मग आतलं समदं कळायचं त्यांना.”

“मला सांगायचं तरी!”

“बहिऱ्याकडं मशीन कोन आणल, सर? तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. म्हनायचे, सरांनी इचारलं व्हतं कुर्त्याखाली काय हाय. दाखवायचं ऱ्हाऊन गेलं.”

इतकी वर्षं मी ज्याच्याविषयी खडू झिजवला, ते माझ्यासमोर एक माणूस दातांत धरून उभा होता, आणि मी त्याला चोर म्हणालो होतो. त्यांची रोजी मी घालवली. ही गोष्ट आता कुणाची माफी मागून मिटत नाही.

आबांचं इंजिन अजून विहिरीवर आहे. गेल्या रविवारी पेचकस घेऊन गेलो. शेत बघणाऱ्या माधवरावांनी हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं, आणि ते तिथंच उभे राहून माझ्याकडे बघू लागले. मी पेचकस पाठीमागे लपवला.

“माधवराव,” मी म्हणालो, “तुम्ही जरा चहा घेऊन या.”