झुलाल नानांचं पंचवीसचं कुलूप

एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर निवांत घरी बसतो, असं म्हणणाऱ्यानं आमचे झुलाल नाना पाहिलेले नाहीत. नाना जेवतानासुद्धा उजवा पाय दाबत असतात. भाकरीला उशीर झाला की जरा जास्तच. अमळनेर डेपोत एकतीस वर्षं काढली. आता रोज सकाळी पावणेसातला गावातून निघायचं, अमळनेरच्या स्टँडवर चहा प्यायचा आणि परत यायचं. काम म्हणाल तर काहीच नाही. पण वेळ चुकवायची नाही, कारण ती त्यांच्या जुन्या गाडीची वेळ.

सुनेनं, म्हणजे नूतननं, त्यांना बॅटरीवरची स्कूटर घेऊन दिली. तिला नंबर नको, पासिंग नको, कारण कंपनीनंच पंचवीसच्या वेगाचं कुलूप घातलेलं. नूतनला सासऱ्याचा पाय ठाऊक होता!

मग रोज वाटेत पावणेसातची एसटी नानांना मागे टाकू लागली. चालवणारा जगदीश, नानांच्याच हाताखाली शिकलेला. खिडकीतून ओरडायचा, "नाना, लोटू का?" अख्खी गाडी हसायची. एकदा, फक्त एकदा या गाडीच्या पुढे जायचं, एवढंच नानांच्या डोक्यात बसलं.

गेले पुना मेकॅनिककडे. "हाई गाडी शे का गोगलगाय? काढ ते कुलूप."

पुनानं सीट उचललं, खालच्या डबीतून निघालेल्या दोन बारीक वायरींची जोडणी सोडवली. "घ्या. आता पन्नासला पळेल. आरटीओनं धरलं तर माझं नाव घेऊ नका. नूतनवहिनींनी धरलं तर मुळीच नका."

दुसऱ्या दिवशी नाना मुद्दाम एसटीच्या मागून निघाले. गावाबाहेर पडताच स्कूटरचा कान पिळला. एसटीचा मागचा दरवाजा मागे पडला, मधल्या खिडक्या आल्या, त्यातून डोकी बाहेर आली. "चला नाना, चला!" जगदीशनं आरशात पाहिलं आणि त्यानंही पाय दाबला. नानांचं चाक एसटीच्या पुढच्या दिव्यापाशी पोहोचलं. अजून दोन हात, की झालं.

तेवढ्यात फाट्यावर भाजीवाली भिकुबाई, गिलक्यांची टोपली घेऊन, हात करून उभी.

जगदीशचे डोळे नानांवर. एसटी सरळ निघून गेली. नानांनी मात्र करकचून ब्रेक दाबले. एकतीस वर्षांत त्या फाट्यावर कुणी केलेला हात त्यांनी डावलला नव्हता.

"हात करा तरी ती गाडी थांबनी नही," भिकुबाई मागे बसत म्हणाली. "चाल. पन हळू चालव, भाऊ."

स्टँडवर नाना थेट जगदीशवर चढले. "फाट्यावरची बाई दिसली नाही तुला?"

"कशी दिसणार? मी तुमच्याकडेच बघत होतो ना! शर्यत लावली कुणी?"

नानांनी आपला चहा जगदीशपुढे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा, असं कँटीनवाला सांगतो. तो थोडं वाढवून सांगतो, पण तेवढं धरून चालू.

तेव्हापासून जगदीश इतका सुधारला आहे की काही विचारू नका. कुणी उभं नसलं तरी प्रत्येक फाट्यावर थांबतो, दोन्हीकडे वाकून बघतो. मागे नाना, अंगाखाली पन्नासची गाडी, हॉर्नवर अंगठा. "अरे चाल ना, जगदीश!"

जगदीश हात बाहेर काढून सांगतो, "जा ना पुढे, नाना. रस्ता मोकळा आहे."

नाना जात नाहीत. तिथंच पाय टेकवून धुसफुसतात, "उभ्या गाडीना पुढे तं शेळी बी जास!"