नाळेची जागा

चोको प्रांतातल्या एका नदीकाठी पास्तोरा सुईणीच्या हातून निम्मं गाव जन्माला आलं. बाळाची नाळ गळून पडली, की ती घरामागं पुरायची आणि तिच्यावर चोंतादुरोच्या काटेरी माडाचं बी लावायचं, ही तिथली रीत. मूल आणि माड जोडीनं वाढायचे. पहिला लाल घड धरला, की तो ज्याचा त्यानंच आधी चाखायचा.

मग सोन्यापायी पोकलेन आले. नवऱ्यानं हो म्हटलं, पास्तोरानं नाही म्हटलं नाही. तिच्या लेकरांचे माड मुळासकट उलथले. सोनंवाले गेले. मागं गोट्यांचे ढीग राहिले आणि पिवळ्या पाण्याची डबकी. नवराही फार दिवस राहिला नाही.

पास्तोरा त्या उघड्या जमिनीच्या मागं लागली. डबकी बुजवली, रानातला पालापाचोळा पाटीनं वाहिला, मुरमातही तग धरतील अशी झाडं लावली. होडीवाला निकोमेदेस नदीतून ओरडायचा, "मावशी, गोट्यांना पालवी फुटली का गं?"

"फुटली की सावलीला तुलाच बोलावीन, मेल्या! उन्हानं डोकं फिरलंय तुझं."

आणि खरंच फुटली. सावली पडली, पाला कुजून काळा झाला, पावसाचं पाणी गाळ घेऊन नदीत पळेनासं झालं. एका संध्याकाळी तिथं बेडूक ओरडले, तेव्हा ती ताट सरकवून ऐकत बसली. आता एकच आस होती. घरातलं पुढचं बाळ याच मातीत रुजावं.

लेक यार्लेनिस माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. नाळ गळाली त्या सकाळी पास्तोरानं ती केळीच्या पानात गुंडाळली आणि झाडांत जाऊन हातानंच खड्डा काढला. वरची माती मऊ, गांडुळांनी जिवंत. खाली करडा चिखल लागला. त्यात काहीतरी चमकलं. तळव्यावर घेतलं, तर थेंब घरंगळून दुसऱ्या थेंबाला मिळाला. पारा. सोनं धरायला त्या लोकांनी वाळूत ओतलेला.

तान्हीला घेऊन उभ्या असलेल्या यार्लेनिसनंही पाहिलं. "पूर गं, आई. एवढी राबलीस तू इथं."

"आणि घड येईल तेव्हा?"

"नाही खायचा तिनं."

"मग तो तिचा माड कसला? माझं मन राखायला पोरीच्या तोंडात विष घालतेस होय गं?"

यार्लेनिसला रडू फुटलं. "सासरची जमीन चांगली आहे. पण नाळ तिथं पुरली, तर पोर तिथलीच होईल, आई. इथली नाही राहायची."

"होऊ दे," पास्तोरा म्हणाली आणि रिकामाच खड्डा बुजवू लागली.

निघायच्या दिवशी तिनं ते पान लेकीच्या ओटीत ठेवलं. "बी खोल लाव. कोंबड्यांपासून जप." निकोमेदेसनं होडी ढकलली, तरी काठावरून वाकून तिनं नातीचा पाय धरलेलाच होता. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "सोड आता."